‘युक्त’ म्हणजे किती? मन, झोप आणि गोळ्यांबद्दल (गीता, अध्याय ६, श्लोक १६ व १७)



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या दोन श्लोकांवर आहे, सोळावा आणि सतरावा. घरात गीता असेल तर आधी मूळ श्लोक एकदा मोठ्याने वाचा आणि मग इथे या.

माझ्या शब्दांत अर्थ असा: जो फार खातो त्याला योग साधत नाही, आणि जो अजिबात खात नाही त्यालाही साधत नाही. जो फार झोपतो त्याला नाही, आणि जो जागतच राहतो त्यालाही नाही. ज्याचं खाणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं ‘युक्त’ असतं, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

सहावा अध्याय ध्यानाचा आहे. आसन फार उंच नको, फार खाली नको, पाठ-मान-डोकं सरळ, नजर स्थिर, असं सगळं सांगून झालंय. इतक्या उंचीच्या विषयात भगवंत मध्येच थांबून जेवणाबद्दल आणि झोपेबद्दल बोलतात. आपली आई फोनवर जे विचारते, तेच. जेवलास का? झोपलास का?

हे श्लोक आजच का घेतले, ते सांगते.

एक मेसेज

दर शनिवारी संध्याकाळी परळला एका मैत्रिणीच्या घरी आम्ही सात-आठ जण हरिपाठ म्हणायला जमतो. त्यात सव्विशीतला एक मुलगा येतो. गाव साताऱ्याकडचं, इथे तिघांत मिळून भाड्याची खोली. ऑफिस लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्याच एका काचेच्या इमारतीत. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे कामाचा दिवस दुपारी सुरू होतो आणि रात्री दोनला संपतो, कधी तीनला.

दोन महिने त्याला नीट झोप नव्हती. स्टेशनच्या पुलावर गर्दीत अडकला की छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण इथेच पडणार असं वाटायचं. हृदयाच्या तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला बोलायला बोलावलं. महिन्याभरात जरा बरं वाटायला लागलं. आणि मग ओळखीतल्या एका काकांनी त्याला म्हटलं, “रोज नाम घेतोस ना? मग गोळ्या कशाला? श्रद्धा कमी पडतेय तुझी.”

त्या रात्री साडेतीनला त्याचा मला मेसेज आला: “ताई, गोळ्या बंद करू का? आणि मी घेतो म्हणून देवाला वाईट वाटत असेल का?”

त्याची परवानगी घेऊनच हे लिहितेय. पहिल्या प्रश्नापेक्षा त्याच्या दुसऱ्या प्रश्नाने मला जास्त हलवलं. एक मुलगा आजारी पडल्याबद्दल देवासमोर ओशाळा होऊन बसला होता. मी तेवढंच उत्तर दिलं: “बंद करू नकोस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धी गोळीही कमी करायची नाही. देवाचं काय ते शनिवारी बोलू.”

शनिवारी जे बोललो, ते आज सगळ्यांसाठी.

अर्जुनाला काय झालं होतं?

गीतेच्या पहिल्या अध्यायाचं नाव अर्जुनविषादयोग. विषाद, म्हणजे खचून जाणं. अर्जुन स्वतःच्या तोंडाने आपली लक्षणं सांगतो: अंग गळतंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, अंगावर काटा येतोय, कातडीची आग होतेय, हातातून गांडीव निसटतंय, उभं राहवत नाही, मन भोवंडून गेलंय. पुलावर त्या मुलाला जे व्हायचं, त्याच्याशी ही यादी ताडून पाहा. तो भित्रा नव्हता. तो अर्जुन होता, त्या काळातला सगळ्यात मोठा धनुर्धर. आणि शेजारी साक्षात श्रीकृष्ण बसलेला असताना त्याला हे झालं.

म्हणून “देव जवळ असता तर असं झालंच नसतं” हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं, तर गीतेचा पहिला अध्याय उघडून दाखवा.

आता भगवंतांनी काय केलं ते बघू. पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण फक्त एकदा बोलतात, तेही “जमलेल्या कौरवांना पाहा” एवढंच. बाकी सगळा वेळ अर्जुन बोलतो आणि ते ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला दोन श्लोकांत ते त्याला खडसावतात, ऊठ म्हणतात. अर्जुन उठत नाही. तो परत आपलं दुःख मांडतो, आणि मग म्हणतो की मला कळेनासं झालंय, मी तुझा शिष्य आहे, मला सांग. इथून खरी शिकवण सुरू होते, आणि ती अठराव्या अध्यायापर्यंत चालते. शेवटी भगवंत त्याला विचारतात, लक्ष देऊन ऐकलंस ना? मोह गेला का?

खचलेल्या माणसाला “सावर स्वतःला” एवढं सांगून आपण मोकळे होतो. भगवंत त्या वाक्यावर थांबले नाहीत. सातशे श्लोकांच्या गीतेत ते त्याच्यासोबत बसून राहिले, त्याच्या शंका परत परत ऐकल्या आणि शेवटी बरं वाटतंय का, याची चौकशीही केली.

तीन वेळा ‘युक्त’

आता आजच्या श्लोकाकडे. सतराव्या श्लोकात ‘युक्त’ हा शब्द तीनदा येतो: एकदा आहार-विहारासाठी, एकदा कामासाठी, एकदा झोप आणि जागरणासाठी. युक्त म्हणजे जुळलेलं, योग्य तेवढं. किती तास, किती पोळ्या, असा आकडा भगवंतांनी दिलेला नाही. प्रत्येकाचं माप त्याचं त्याने ओळखायचं.

हे मुद्दाम सांगतेय, कारण पहाटे चारला उठणं म्हणजेच साधना, असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटतं. जो मुलगा रात्री तीनला कामावरून सुटतो त्याने चारला उठून जप केला, तर सोळाव्या श्लोकातल्या ‘जागतच राहणाऱ्या’ माणसात तो मोडेल. केईएममध्ये रात्रपाळी करणाऱ्या सिस्टरची सकाळ दुपारी बाराला होत असेल, तर तिची काकडआरती तेव्हा. देव रागावणार नाही.

ज्ञानेश्वर माउली या श्लोकांचा विस्तार करताना जेवणाला माप लावायला सांगतात, तसंच चालणं आणि बोलणंही मोजकं ठेवायला सांगतात, आणि वेळ झाली की झोपेचा मान राखायला सांगतात. बोलण्याचं माप हा मुद्दा मला आपल्यासाठी फार मोलाचा वाटतो. दिवसभरात आपण तोंडाने किती बोलतो ते सोडा. बोटांनी किती बोलतो? ऑफिसचे तीन ग्रुप, सोसायटीचा एक, शाळेतल्या मित्रांचा एक, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी उत्तराची वाट बघतंय. मन दमतं त्यात याचाही वाटा आहे.

भोंगा

कामाच्या मापाबद्दल परळमध्ये राहून बोलायचं, तर गिरण्यांची आठवण येणारच. परळ-लालबागला गिरणगाव म्हणायचे तेव्हा पाळी सुरू झाल्याचं आणि सुटल्याचं भोंगा सांगायचा. ते दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. साच्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, कापसाचा तूस, एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसं. पण भोंगा झाला की त्या दिवसाचं काम संपायचं. साचा खांद्यावर टाकून कुणी घरी आणत नव्हतं. संध्याकाळी चाळीत भजन असायचं, आणि त्यात बसलेला माणूस खरोखर भजनातच असायचा.

याच वस्तीने उलटही पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातल्या असंख्य जणांना पुन्हा गिरणीत जाता आलंच नाही. काम नसलेल्या माणसाचं मन कसं खचतं, घर कसं गप्प होतं, हे इथल्या जुन्या माणसांना विचारा. म्हणून श्लोकातलं ‘युक्त काम’ मला दोन्ही बाजूंनी पटतं. काम अति झालं तरी मन मोडतं, अजिबात नसलं तरी मोडतं.

आपल्या लॅपटॉपला मात्र भोंगा नाही. तो आपला आपल्यालाच वाजवावा लागणार.

आपल्याच परळमधली गोष्ट

हे ऐकून तो मुलगा म्हणाला, “ताई, हे पटतं. पण तुम्ही धर्माचं सांगता आणि डॉक्टर औषधाचं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का?”

आहे, आणि तो आमच्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर जोडला गेला.

परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये, १९२६ साली सुरू झालेल्या या महापालिकेच्या रुग्णालयात, डॉ. एन. एस. वाहिया नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. पतंजलींच्या योगसूत्रांतून रुग्णांसाठी काही उपयोगी मिळतं का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासायचं ठरवलं. लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेतले डॉ. विनेकर त्यांच्यासोबत होते. या कामावरचा त्यांचा लेख १९६६ साली ब्रिटनमधल्या मानसोपचाराच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला.

पुढे १९७३ साली त्यांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले रुग्ण सततची चिंता किंवा मनाच्या ताणातून होणारे शरीराचे त्रास घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणारे होते. एका गटाला आसन, प्राणायाम, इंद्रियं आत वळवणं, एकाग्रता आणि ध्यान, असा पूर्ण क्रम शिकवला. दुसऱ्या गटाकडून बाहेरून तसंच दिसणारं काहीतरी करून घेतलं, पण त्यात मन एकाग्र करण्याचा गाभा नव्हता. पूर्ण क्रम करणाऱ्यांमध्ये सुधारणा जास्त दिसली.

पन्नास वर्षांपूर्वीचा हा छोटा अभ्यास आहे. त्यावरून “ध्यानाने सगळे मानसिक आजार बरे होतात” असा निष्कर्ष कुणी काढू नये. त्या डॉक्टरांनीही रुग्ण नीट तपासून, निवडून घेतले होते. पण मला त्यातून दोन गोष्टी मिळाल्या.

पहिली, साधना अर्धवट केली की तिचा फक्त आकार उरतो. एका हाताने माळ आणि दुसऱ्या हाताने रील्स, हा आपला रोजचा ‘दुसरा गट’ आहे. भगवंतांनी याच अध्यायात पुढे मनासाठी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत, आणि पतंजलींनीही हेच दोन शब्द वापरले आहेत. अभ्यास म्हणजे रोज, आणि मन लावून.

दुसरी, ज्यांनी पतंजली इतक्या गांभीर्याने घेतले ते स्वतः डॉक्टर होते. हे सगळं दवाखान्यात, केसपेपर काढून, नोंदी ठेवून झालं. शास्त्र आणि औषध एकाच छताखाली नांदले.

१९७३ च्या त्या लेखावर दिलीप जेस्ते या तरुण डॉक्टरांचंही नाव होतं. पुढे ते अमेरिकेत गेले आणि २०१२-१३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. २००८ साली इप्सित वाहिया यांच्यासोबत त्यांनी एक लेख लिहिला. विषय होता, भगवद्गीता शहाणा माणूस कुणाला म्हणते? भावनांवर ताबा, कर्तव्य आणि काम, समाधान, करुणा, नम्रता, देवावरचं प्रेम, असे पैलू त्यांना गीतेत सापडले. म्हणजे परळच्या हॉस्पिटलात शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ इतक्या वर्षांनी पुन्हा गीतेपाशी आला. मग आपल्याला एका गोळीपायी गीतेपासून दूर गेल्यासारखं का वाटावं?

गाडगेबाबांची यादी

काकांबद्दलही एक शब्द. त्यांचा हेतू वाईट नव्हता. नामावर त्यांची श्रद्धा आहे, माझीही आहे. पण नामावरची श्रद्धा दुसऱ्याच्या आजाराचं माप घ्यायला वापरायची नसते. मधुमेह असलेल्या वारकऱ्याला आपण इन्सुलिन सोडून वारीला चल म्हणत नाही. मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे. मनाच्या काही गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात, आणि मूळ आजार उलटूही शकतो. म्हणून कमी-जास्त करायचं ते डॉक्टरांनीच.

आणि ज्यांच्या भक्तीबद्दल कुणी शंका घेणार नाही, त्या संत गाडगेबाबांचं काय म्हणणं होतं ते आठवा. त्यांच्या नावाची धर्मशाळा इथे दादरला आहे. टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या उपचारासाठी गावोगावहून आलेले रुग्ण आणि नातेवाईक तिथे राहतात. बाबांनी सांगितलेली दहा कलमं तुम्ही भिंतींवर वाचली असतील. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, बेघराला आसरा अशी ती यादी आहे. त्यात रोग्याला औषधोपचार हे एक कलम आहे, आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत देणं हे वेगळं कलम आहे. बाबांनी दोन्ही ठेवली. हिंमत दिली म्हणून औषधाचं कलम खोडलं नाही, आणि औषध आहे म्हणून हिंमतीचंही नाही. आणि या सगळ्याला त्यांनी धर्म म्हटलं.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. डॉक्टर एक कलम पाळतायत, आपण शनिवारी जमून दुसरं पाळू. तू गोळी घेतोस म्हणून देवाला वाईट वाटत नसेल. तू झोपला नाहीस याचं मात्र वाटत असेल, कारण झोपेबद्दल त्याने स्वतःच सांगून ठेवलंय.

यादीत अन्न आणि आसरा आहे, हेही विसरू नका. टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर रात्र काढणाऱ्या नातेवाइकाला आपण ‘युक्त झोप’ शिकवायला गेलो तर ती थट्टा होईल. ज्याच्या हातात माप नाही, त्याला उपदेश नको, त्याचं ओझं थोडं उचलायला माणूस हवा. ऑफिसातही असंच आहे. तुमच्या हाताखाली दोन माणसं काम करत असतील, तर रात्री अकराला त्यांना कामाचा मेसेज न पाठवणं ही तुमची साधना समजा.

या आठवड्याचा अभ्यास

सगळं एकदम करू नका. यातलं एक निवडा आणि सात दिवस पाळा.

१. झोप. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. रात्रपाळी असेल तर तुमची वेळ वेगळी, पण ठरलेली. फोन उशापासून लांब.

२. आहार. दिवसातून एक जेवण बसून, ताटात वाढून घ्या. वरण-भात चालेल. स्क्रीन बंद. उशिराचे चहा-कॉफीचे कप मोजा.

३. भोंगा. काम संपायच्या वेळेचा अलार्म लावा. तो वाजला की लॅपटॉप बंद, हातपाय धुवा, देवासमोर दोन मिनिटं बसा. ज्या दिवशी खरंच थांबता येणार नाही, त्या दिवशी दुसऱ्या दिवशीची थोडी विश्रांती आधीच ठरवा.

४. नाम. दहाच मिनिटं, पण फोन दुसऱ्या खोलीत. मन पळालं तर रागावू नका. अर्जुनानेही तक्रार केली होती की हे वाऱ्यासारखं आहे, आणि भगवंतांनी त्याचं म्हणणं मान्य केलं होतं.

५. एक माणूस. “कसा आहेस?” याला “मजेत” न म्हणता खरं उत्तर द्याल असा एक माणूस ठरवा. आणि कुणासाठी तरी तुम्ही तो माणूस व्हा. ऐकताना मधे बोलू नका. पहिला अध्याय आठवा.

आणि हे निवडीचं नाही, सगळ्यांसाठी आहे: उदासी, भीती किंवा झोप न लागणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, कामात-घरात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टरांना दाखवा. केईएमसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे जाता येतं. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. जगू नये असं मनात आलं, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच क्षणी कुणाला तरी सांगा, फोन करा, जवळच्या हॉस्पिटलात जा.

मननासाठी दोन प्रश्न

माझ्या दिवसात सध्या कोणतं माप सगळ्यात जास्त चुकलंय: खाणं, काम, झोप की बोलणं?

माझ्या ओळखीत कोण आहे, ज्याला मी “सावर” म्हणून पुढे गेले, पण ज्याच्याजवळ बसायला हवं होतं असं मला आज वाटतंय?

प्रार्थना

हे पांडुरंगा, आमच्या भुकेला, झोपेला आणि कामाला योग्य माप दे. ज्यांचं मन आज रात्री थाऱ्यावर नाही त्यांच्याजवळ कुणीतरी बसलेलं असू दे. डॉक्टरांच्या हाताला यश दे, आमच्या जिभेला संयम दे. औषध घेणाऱ्या तुझ्या लेकरांना तुझ्यासमोर यायला लाज वाटू नये, एवढं प्रेम आमच्या बोलण्यात येऊ दे.

उद्या याच अध्यायातला एकोणिसावा श्लोक घेऊ, वारा नसलेल्या जागी स्थिर जळणाऱ्या दिव्याचा. आज मात्र वेळेवर झोपा.

राम कृष्ण हरी!